पुढच्या पंगतीचा वाटा

सोलापुरातून पायी पंढरपूरला निघाले की तिऱ्हे, कामती, माचणूर आणि मंगळवेढा अशी वाट लागते. शेगावहून येणारी श्री गजानन महाराजांची पालखी तुळजापूर, उळे करीत सोलापुरात येते आणि पुढे याच वाटेने जाते. आषाढीच्या त्या दिवसांत आमच्यासारख्या लहान लहान दिंड्याही तिच्या मागेपुढे चालत असतात. आमची दिंडी शहराच्या पूर्व भागातली. यंत्रमागावरचे कामगार, शिंपी, काही निवृत्त शिक्षक आणि बिडी वळणाऱ्या महिला असा तिचा मेळ आहे. प्रत्येकाने भिशी भरायची आणि त्या पैशांतून सामानाचा टेम्पो, आचारी, शिधा आणि गॅस यांची सोय करायची, असा साधा हिशेब असतो. तरीही वाटेवर जे मिळते त्याचा या हिशेबाशी काही संबंध नसतो, कारण गावोगावी माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहून आपण होऊन देत असतात.

शहराची हद्द संपेपर्यंतच केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा आणि शेंगाचटणीसोबत बांधून दिलेली कडक भाकरी एवढे हातात पडते. कुणी पायाला तेल चोळून देतो, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतो, आणि कुणी नाव-गाव विचारत नाही. एका वळणावर बिडी कामगार महिलांनी पोहे आणि चहा ठेवला होता. हजार बिड्यांमागे जी मजुरी मिळते, तीतून थोडे थोडे बाजूला काढून त्यांनी वर्षभरात ही रक्कम जमवली होती. त्यांच्यातली एक जण आमच्यातल्या एका आजींना म्हणाली, “आम्हाला रजा कुठली ओ आजी? तुम्ही चालता तेच आमचं चालणं.” हे ऐकल्यावर हातातल्या द्रोणातले पोहे टाकवत नाहीत. पोट भरलेले असले तरी अशा वेळी ‘नको’ म्हणणे बरे नव्हे, असे मला मनापासून वाटते. देणाऱ्याची वारी घेणाऱ्याच्या हातून पुरी होत असते आणि आपल्याला काही लागत नाही हे दाखवण्यात एक अहंकारही असतो.

प्रश्न पडतो तो त्यानंतर. तिऱ्ह्याच्या अलीकडे काही तरुण मुले प्लॅस्टिकचे रेनकोट वाटत होती. आभाळ भरून आले होते. दिंड्यांच्या आगेमागे, कुणाचीही भिशी न भरता, चार-पाच जणांचा एक गट चालत होता. कपडे, मोबाइल, पायातले बूट यांवरून घरची परिस्थिती चांगली दिसत होती. त्यांनी ओळीत उभे राहून रेनकोट घेतले, थोडे पुढे जाऊन ते पिशवीत कोंबले, उपरणी डोक्याला गुंडाळली आणि पुन्हा ओळीत येऊन उभे राहिले. मुलांनी ओळखले असणार, पण वारीत कुणाला ‘तुम्ही मघाशी नेला’ असे म्हणायला जीभ रेटत नाही. थोड्याच वेळात खोकी रिकामी झाली आणि मागून आलेल्या लातूरकडच्या बायकांना त्या मुलांनी हात जोडले. “संपले ओ माउली, माफ करा.” ज्यांनी दिले त्यांना माफी मागावी लागली आणि ज्यांनी जास्तीचे नेले ते तोवर पुढे निघून गेले होते.

अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात की देणाऱ्याने देऊन टाकले, त्याचे पुण्य त्याला लागले, आता कुणी किती नेले याची चौकशी कशाला? ही समजूत मला पटत नाही. जास्तीचे नेणारा देणाऱ्याचे फारसे नुकसान करीत नाही हे खरे, कारण त्याची खोकी एरवीही रिकामी होणारच होती. नुकसान होते मागून येणाऱ्याचे, आणि तो कोण आहे हे नेणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून हे घेणे सोपे जाते. पंगतीत समोर बसलेल्या माणसाच्या पत्रावळीतली भाकरी उचलायला कुणाचाही हात धजावणार नाही. पुढच्या पंगतीतली मात्र बिनदिक्कत उचलली जाते.

तरीही केवळ मोजमापावरून निवाडा करता येत नाही. आमच्या दिंडीतल्या एका आजी मिळालेले बिस्किटांचे पुडे खात नसत, पदराच्या गाठीत ठेवत आणि रात्री पिशवीच्या तळाशी नीट रचत. घरी नातवंडे वाट पाहत असतात आणि वारीहून रिकाम्या हाताने परतणे त्यांना जमत नाही. स्वतःच्या तोंडचा घास त्यांनी राखून ठेवला होता. दुसऱ्यांदा ओळीत उभ्या राहताना मी त्यांना कधी पाहिले नाही. पण त्या उभ्या राहिल्या असत्या तरी मी त्यांना त्या रेनकोटवाल्यांच्या रांगेत बसवले नसते. गरज आणि हाव यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. ओळखण्यासाठी आधारकार्ड मागायला लागले, तर वाटप उरेल, सेवा उरणार नाही. तेव्हा हा हिशेब घेणाऱ्यालाच स्वतःशी करावा लागतो.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या मंदिरात बसलो असताना हाच विषय निघाला. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठू महाराच्या रूपात जाऊन पांडुरंगाने त्या धान्याची किंमत बीदरला भरली, ही कथा सगळ्यांना पाठ असते. कीर्तनात आपण देणाऱ्याची आणि भरपाई करणाऱ्याची थोरवी ऐकतो. घेणाऱ्यांबद्दल कथेत एवढेच आहे की ते उपाशी होते, आणि माझ्या मते कथेचा सारा भार त्या एका गोष्टीवर उभा आहे. मंगळवेढ्याची ज्वारी आजही नावाजलेली आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ज्या मुलखात धान्याची अशी कोठारे भरत, तिथेही उपासमार येत असे, हे त्या ओवरीत बसल्यावर आठवत राहते.

मला सर्वांत जास्त लागली ती पाण्याची गोष्ट. सोलापूर शहरातही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय लोकांना झालेली आहे. कामतीच्या पुढे तर मृगात पाऊस लांबला की वस्त्यांवर टँकरचाच आधार असतो. अशा एका वस्तीवर आम्ही दुपारी थांबलो. घरच्या बाईंनी हौदाकडे हात केला. “घ्या की, पांडुरंगाचंच पाणी हाय.” आमच्यातल्या वृद्ध विणेकऱ्यांनी एक तांब्या घेतला, तोंड-हातपाय धुतले आणि बाजूला झाले. त्यांच्यामागून आलेल्या काहींनी नळी लावून अंघोळ केली, धोतरे खळबळून घेतली, आणि नळी तशीच जमिनीवर वाहत राहिली. विणेकरी उठून गेले आणि त्यांनी चावी बंद केली. निघताना मी पाहिले, तर त्या घरची दहा-बारा वर्षांची मुलगी हौदात उतरली होती आणि तळाचे गढूळ पाणी प्लॅस्टिकच्या मगाने खरवडून बादलीत भरत होती. दावणीला दोन म्हशी होत्या. बाईंच्या तोंडून तक्रारीचा शब्द निघाला नाही. त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या पायांना हात लावला.

पंढरपुरात पोहोचल्यावर मठात दिंडीची बैठक झाली, तेव्हा मी हा विषय काढला आणि पुढील वर्षी भिशीतून त्या वस्तीवर एक टँकर टाकावा असे सुचवले. दोघा-तिघांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की सेवेची भरपाई केली तर ती विकत घेतल्यासारखे होईल आणि त्या माउलीचा अपमान होईल. हा आक्षेप हलका नव्हे. त्यांच्या हातात पैसे ठेवले तर त्या दुखावतील याविषयी मलाही शंका नाही. परंतु त्यांनी दिलेल्या पाण्याचे मोल देणे वेगळे आणि आमच्या माणसांनी सांडलेले पाणी भरून देणे वेगळे, असे मी म्हणालो. विणेकऱ्यांनी मान डोलावली आणि भिशीच्या वहीत टँकरसाठी नवे खाते घातले. दिंडी वस्तीवर पोहोचण्याच्या आदल्या दिवशीच हौद भरला जावा आणि अंघोळी पुढच्या मुक्कामावर उरकाव्यात, एवढे त्या बैठकीत ठरले.