झेडन का टेर्न?

आमच्या लातूरच्या मैत्रिणी सध्या सगळ्या रेबेका यारोसचं २०२३ चं 'फोर्थ विंग' ही ड्रॅगनवाली कादंबरी वाचायल्यात आणि भांडण एकच, हिरो झेडन भारी का हिरॉइन व्हायोलेटचा ड्रॅगन टेर्न. मी तर टेर्नवाली, व्हायोलेट पाठीवरून घसरते, तो हवेत झेलतो अन् वरून चार शब्द सुनावतो, लई खडूस! एकजण म्हणायली लव्हस्टोरी उगी ताणली बाई. पण झेडन अन् व्हायोलेट दोघांचे ड्रॅगन आपसात जोडीदार, म्हणून ह्यांना जास्त दिवस लांब राहताच येत नाही, म्हणजे घरच्यांनी जमवलेलं स्थळच की ओ. सांधेदुखीवाल्या मैत्रिणीला मात्र रोमान्सचं काही नाही, सांधे निखळतात तरी ड्रॅगनवर बसते अशी हिरॉइन तिनं पहिल्यांदाच वाचली म्हणे. आता दुसरा भाग माझ्याकडंय, पहिला परत केल्याशिवाय कुणालाच मिळणार नाही.