भाकड आणि दुभती

बँकेत सतरा वर्षं झाली, त्यातली सहा या शाखेत. सातारा जिल्हा, यापेक्षा जास्त पत्ता देत नाही. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर पैसे मोजतो, तर ते मशीन मोजतं. आम्ही सह्या बघतो आणि विमा विकतो, आणि वरिष्ठ विचारतात फक्त दुसऱ्याबद्दल.

मार्चएंडच्या गर्दीत एक काका-काकू आले. काका एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून रिटायर, वय ऐंशीच्या आसपास, हात सतत थरथरणारा (पार्किन्सन्स). हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. मी त्यांना ओळखत होते, कारण दोन वर्षांपूर्वी सही जुळत नाही म्हणून त्यांचा चेक मीच परत पाठवला होता आणि वर "काका, आता अंगठाच लावत जा" असंही सांगितलं होतं. ते "बघतो" म्हणून गेले होते. आज पुढे आला तो आयएसआर-२.

हा फॉर्म बघितला की आमच्याकडे सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवतात. ज्यांचे शेअर अजून कागदावर आहेत त्यांची सही बँकेने खरी म्हणून लिहून द्यायची, खाली शिक्का, नाव आणि एम्प्लॉयी कोडसुद्धा. उद्या काही झालं तर मान आपली, म्हणून तीन टेबलांनी काकांना पुढे ढकललं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही ढकललंच असतं, पण माझ्यापुढे टेबल संपलेली. काकांची तक्रार साधी होती, डिव्हिडंडची (म्हणजे कंपनीच्या नफ्यातल्या वाट्याची) चेकसारखी वॉरंटं पोस्टाने यायची ती बंद झाली. १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरवाल्यांचं केवायसी पूर्ण नसेल तर डिव्हिडंड अडकून राहतो, आणि पूर्ण केल्यावर थेट खात्यातच येतो. हे त्यांना कोणी सांगणार? पत्र आलं होतं म्हणे, इंग्रजीत, चार पानी.

फाईल उघडली. आत दोन गठ्ठे, एकावर बॉलपेनने लिहिलेलं 'दुभती', दुसऱ्यावर 'भाकड'.

शेतकऱ्याघरचा माणूस, त्यामुळे हिशोब सगळा गोठ्याचा. आगारातल्या जुन्या जॉबकार्डांच्या कोऱ्या बाजूवर तारखा आणि आकडे, पण रुपये जवळजवळ कुठेच नाहीत, फक्त शेअर किती. डिव्हिडंड म्हणजे दूध. बोनस शेअर मिळाले की 'वेत झालं'. स्प्लिटला, म्हणजे एका शेअरचे कमी किमतीचे अनेक शेअर करतात त्याला, मात्र ते वेत म्हणत नाहीत, "एका म्हशीचे कागदावर दहा तुकडे केले म्हणून काय दूध वाढतं का मॅडम?" हे वाक्य मी आमच्या म्युच्युअल फंडवाल्या पोराला ऐकवलं, तो नुसता हसला, त्याला कळलं की नाही देव जाणे.

पहिली खरेदी १९७८ची, घरात रोज लागणाऱ्या वस्तू बनवणारी एक परदेशी कंपनी. आता यामागची गंमत अशी, १९७३च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला, म्हणजे उरलेले शेअर इथल्या लोकांना विकायचे, आणि भाव कंपनीने नाही तर सरकारच्या कंट्रोलरने मान्य केलेला, त्यामुळे बाजाराच्या मानाने फार स्वस्त. काकांना फेरा-बिरा काही माहीत नव्हतं. आगारातला एक क्लार्क फॉर्म घेऊन आला, यांनी एवढंच बघितलं की ही वस्तू रोज वापरून संपते आणि परत आणावी लागते. बाकीचे त्या पैशात सोनं घेत होते, प्लॉट घेत होते, यांना येडं म्हणत होते. ते कंट्रोलरचं पदच १९९२ला गेलं, तसा भाव आता कुणाला मिळायचा नाही, म्हणून हे वाचून कुणी लगेच उड्या मारू नका. आणि १४ कंपन्यांपैकी ९ भाकड गठ्ठ्यात आहेत हेही लक्षात ठेवा. काही बुडाल्या, काहींचा पत्ताच नाही. काका तो गठ्ठाही सांभाळून ठेवतात. "घरी मेलेलं जनावर पण मोजायचं, नाहीतर आपण लय हुशार असं वाटायला लागतं."

मी विचारलं, मधे कधी भाव बघितला नाही? तर म्हणाले, "गोठ्यातली म्हैस रोज बाजारात नेऊन कोण विचारतं, आज कितीला घेता?"

मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर भाव बघितला. आकडा लिहीत नाही, एवढंच सांगते की आमच्या शाखेतल्या सगळ्यात मोठ्या एफडीवाल्यापेक्षा जास्त, आणि त्या माणसासाठी आम्ही केबिनमधून चहा पाठवतो.

आता सही. सही जुळवणं म्हणजे आकार जुळवणं नव्हे, हे नवीन पोरांना सांगून थकले. खोटी सही करणारा सुबक काढतो, सावकाश काढतो, सगळीकडे दाब सारखा. खऱ्या सहीत घाई असते. मी सिस्टिममधली जुनी स्कॅन केलेली सही मोठी करून बघितली, मराठीत सही, आणि शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली. उजव्या टोकाला जाड, डावीकडे निमुळती होत गेलेली. असं फार थोडे लोक करतात. मग समोर कोऱ्या कागदावर तीनदा करायला लावली. अक्षरं ओळखू येत नव्हती, नुसत्या सुरवंटासारख्या ओळी, पण तिन्ही वेळा शेवटी पेन उजवीकडे गेलं आणि तिथून मागे आलं. दोन वर्षांपूर्वीचा चेकही असाच असणार, तेव्हा मी बघितलंच नव्हतं. अर्ज घेतला, नवीन नमुना सही चढवली, आयएसआर-२वर माझा कोड टाकला.

तेवढ्यात साहेबांना वास लागला. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, काकांना सोडू नका, एक सिंगल प्रीमियम (एकरकमी हप्त्याचा विमा) तरी बसतोच, काकूंच्या नावावर बसवा. मी हो म्हणाले आणि केलं नाही. असंच करायचं असतं.

या सगळ्यात काकू एक शब्द बोलल्या नव्हत्या. नॉमिनेशनच्या फॉर्मवर त्यांचं नाव लिहिताना मी म्हटलं, काकू, नशीब काढलंत. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सोळा वर्षं यांचा ओव्हरटाइम मी घरात बघितला नाही. पाटल्या करू म्हणायचे. मला वाटायचं पितात." काका खाली बघून फाईल बांधत होते, गाठ बसत नव्हती, शेवटी काकूंनीच बांधली. हातात काचेच्याच बांगड्या.

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं, पण काकूंचं वाक्य गाळून. का गाळलं माहीत नाही. माणूस ग्रेटच आहे, अडाणी नाही, लोभी नाही, आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात ते सगळं हा गोठ्यावरून शिकला. पण दुभती असून घरात दूध कधी दिसलंच नाही, डिव्हिडंड आला की त्याचीही परत नवी म्हैस.

गेल्या सोमवारी काकू एकट्या पासबुक भरायला आल्या. अडकलेला एक डिव्हिडंड जमा झाला होता. आकडा दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, विकायचे झाले तर सही कुणाची लागेल? म्हटलं काकांचीच, शेअर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत, आणि आधी डीमॅट, म्हणजे कागदावरून इलेक्ट्रॉनिक खात्यात, करावे लागतील. त्यांनी मान हलवली. डीमॅटच्या फॉर्मवर सह्या गुरुवारी आहेत. साडेदहाला या म्हटलंय, सकाळची गोळी घेतल्यावर तासदीड तास हात बरा असतो म्हणे.