आधी ग्रुप, मग क्लिक : ५० मीटरवर पीप साइट झिरो करताना

साइटमधून जिथे पाहिले तिथेच गोळी लागावी अशी व्यवस्था करणे म्हणजे रायफल झिरो करणे, ही व्याख्या चुकीची नाही. पण तिच्यामुळे झिरो हा रायफलीचा गुणधर्म आहे आणि तो एकदा बसवला की कायमचा बसला, असा समज होतो. प्रत्यक्षात तो रायफल, गोळ्यांचा लॉट (एकाच वेळी बनलेली खेप), शरीराची पोझिशन, गाल टेकण्याची जागा आणि त्या दिवसाचा प्रकाश या सगळ्यांचा मिळून झालेला तात्पुरता करार असतो. त्यामुळेच एका नेमबाजाने झिरो केलेली रायफल दुसऱ्याने हातात घेतली की गोळ्या सरकतात, आणि त्यात दोघांपैकी कोणाचाही दोष नसतो. मी प्रामुख्याने .२२ रायफलीने ५० मीटरवर प्रोन, म्हणजे पालथे झोपून, नेमबाजी करतो. पुढचे सारे त्याच बेताने लिहिले आहे.

या अंतरावर टार्गेटवरच्या दहा गुणांच्या रिंगेचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि त्यापुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर बाहेर सरकते. गोळीचा स्वतःचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांमध्ये दुर्बिणीची साइट चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे छोट्या नळकांड्यात बसवलेली गोल रिंग, एवढ्यावरच काम भागवायचे असते. जुन्या बंदुकीच्या नळीवर जी माशी असे, तिचेच हे सुधारलेले रूप म्हणता येईल.

साइट नव्याने बसवली असेल तर पहिला प्रश्न दहाचा नसतो, गोळी कागदावर तरी लागेल का हा असतो. बोल्ट ॲक्शन रायफलीत यावर सोपा उपाय आहे. बोल्ट काढून ठेवावा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर टेकवावी, मागून नळीतून पाहून टार्गेटचा काळा भाग बरोबर मध्यावर आणावा आणि मग रायफलीला धक्का न लावता मागची साइट अशी फिरवावी की पुढच्या रिंगेतही तोच काळा भाग दिसेल. एवढे करूनही पहिली गोळी बरीच खाली लागणार, हे मात्र आधीच गृहीत धरावे. टार्गेट नेमबाजीसाठी बनवलेली .२२ गोळी नळीतून साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, ५० मीटर जायला तिला सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढते. सर्वांत बाहेरच्या रिंगेची त्रिज्या पावणेआठ सेंटिमीटरसुद्धा नसल्यामुळे पहिल्या काही गोळ्यांसाठी टार्गेटच्या मागे मोठा कोरा कागद लावलेला बरा.

गोळ्या कागदावर येऊ लागल्या की खरा मोह सुरू होतो. पहिला शॉट डावीकडे गेला म्हणून चार क्लिक (साइटच्या नॉबचे चार टप्पे) उजवीकडे, दुसरा उजवीकडे गेला म्हणून दोन क्लिक परत, आणि अर्ध्या तासाने साइट कुठे होती हे कोणालाच सांगता येत नाही. यामागचे गणित निर्दय आहे. प्रत्येक शॉटनंतर त्याच्या चुकीएवढी पूर्ण दुरुस्ती करत राहिले तर गोळ्यांचा फैलाव मूळच्या सुमारे १.४ पट होतो. म्हणजे साइटला हातच लावला नसता तर निकाल बरा लागला असता. याउलट पाच शॉट एकाच नेमावर मारून त्यांचा मध्यबिंदू काढला, तर त्यातली अनिश्चितता एकट्या शॉटच्या निम्म्याहूनही कमी असते. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, जमत नसताना साइट फिरवणे मला तरी निव्वळ अधीरपणा वाटतो, आणि एनसीसीच्या शिबिरांत ‘आधी ग्रुपिंग, मग झिरो’ असे घोकून घेतात ते योग्यच आहे.

ग्रुपचा आकारही काही सांगत असतो. गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या असतील तर श्वास कुठे थांबवला जातो आहे ते पाहावे, आणि त्याबरोबरच गोळ्यांच्या लॉटकडेही पाहावे, कारण वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर वरखाली होते, म्हणजे जवळजवळ एक रिंग. आडव्या पसाऱ्याला बहुधा वारा किंवा ट्रिगरवरचे बोट जबाबदार असते. एकाऐवजी दोन वेगळे पुंजके पडले तर मात्र साइटचा विचार सोडून प्रथम स्टॉकचे आणि साइटचे स्क्रू तपासावेत.

पीप साइटमधले चित्र नीट समजून घेण्यासारखे आहे. मागचे छिद्र, त्यात पुढच्या नळकांड्याचे वर्तुळ, त्यात रिंग आणि रिंगेत काळा गोल, अशी एकात एक वर्तुळे दिसतात. डोळ्याने लक्ष द्यायचे ते रिंगेवर आणि तिच्या व काळ्याच्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर, आणि ती पट्टी सगळीकडून सारख्या जाडीची आहे का, एवढेच तपासायचे. रिंगेचा आतला व्यास साधारण तीन-चार मिलिमीटर असतो. नवशिका नेमबाज अचूकतेच्या हौसेने अगदी घट्ट रिंग घेतो, पण पट्टी फार बारीक झाली की डोळा ती शोधण्यातच दमतो. त्यापेक्षा थोडी ऐसपैस रिंग चांगली, हे माझे ठाम मत आहे.

यापुढची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. पोझिशन घेऊन नेम धरावा, डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडून पाहावे. काळा गोल रिंगेतून बाजूला सरकला असेल तर शरीर त्या दिशेला नाही, आणि आपण स्नायूंच्या जोरावर रायफल ढकलून धरली आहे. अशा वेळी डावे कोपर जागचे न हलवता कंबर आणि पाय सरकवून घ्यावेत. शरीराची चूक क्लिकांनी भरून काढली तर पंधरा-वीस शॉटांनंतर स्नायू थकतात आणि झिरोही त्यांच्याबरोबर जातो.

आता प्रत्यक्ष क्लिक. समजा, पाच शॉटांचा मध्य २४ मिलिमीटर डावीकडे आणि १६ मिलिमीटर खाली आला आहे आणि आपल्या साइटचा एक क्लिक ५० मीटरवर २.५ मिलिमीटर सरकवतो. तर दहा क्लिक उजवीकडे आणि सहा वर, असा हिशेब झाला. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकवायची असते. दुरुस्ती पुढच्या साइटवर असेल तर नेमके उलटे. दोन साइटमधले अंतर ८०० मिलिमीटर धरले, तर या २४ मिलिमीटरच्या चुकीसाठी मागचे छिद्र प्रत्यक्षात ०.४ मिलिमीटरहूनही कमी हलते, म्हणजे फार तर एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतके. साइटचा एखादा स्क्रू किंचित सैल असला तर केवढा घोळ होईल, ते यावरून लक्षात यावे. बऱ्याच जर्मन बनावटीच्या साइटवर एच, टी, आर, एल (जर्मनमध्ये अनुक्रमे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे) ही अक्षरे असतात आणि शॉट जिकडे गेला आहे त्या अक्षराच्या दिशेने नॉब फिरवायचा असतो. अमेरिकी पद्धतीच्या साइटवर गोळी जिकडे न्यायची ती दिशा लिहिलेली असते. नवी साइट घेतल्यावर एका दिशेला दहा क्लिक देऊन, गोळ्या कुठे जातात ते पाहून एकदाच खात्री करून घ्यावी. साइट वापरून जुनी झाली असेल तर नॉबमध्ये थोडी ढील येते; म्हणून हव्या त्या जागेच्या दोन-तीन क्लिक पुढे जाऊन परत यावे आणि शेवटची फिरकी नेहमी एकाच दिशेने संपवावी. त्यानंतर पुन्हा पाच शॉट. दुसरा ग्रुप मध्यावर बसल्याशिवाय झिरो झाला असे मी मानत नाही.

उघड्या रेंजवर वाराही लक्षात घ्यावा लागतो. आडवा वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरचा असला तरी ही हलकी, संथ गोळी दीड-दोन सेंटिमीटर वाहून जाते. म्हणून झिरोसाठी सकाळची शांत वेळ गाठावी. ते जमत नसेल तर वाऱ्याचे झेंडे बराच काळ ज्या स्थितीत राहतात, त्याच स्थितीत सगळे शॉट मारावेत. एका बाजूने ऊन आले की काळ्या गोलाची ती कड पुसट होते आणि डोळा मध्य थोडा सरकवून मानतो. पुढच्या साइटवरचे नळकांडे ही बाधा कमी करते, पूर्णपणे घालवत नाही. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते, तेव्हा तर मी क्लिकांना हातच लावत नाही.

पोझिशन बदलली की झिरोही बदलतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते अशाच विना-दुर्बीण साइटवर. त्या स्पर्धेत गुडघ्यावर, पालथे आणि उभे, या क्रमाने नेमबाजी होते; प्रत्येक पोझिशनमध्ये डोके वेगळ्या कोनात येते, रायफल खांद्यात वेगळी बसते आणि दणक्याला शरीर वेगळा प्रतिसाद देते. तीन झिरो सांभाळायचे, ठरलेल्या वेळेत एकावरून दुसऱ्यावर जायचे आणि तेही गुणफलकाकडे न पाहता, हे टीव्हीवर पाहताना सहसा लक्षात येत नाही. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. प्रोनमध्ये एकच झिरो असतो, पण एखाद-दुसरा गुण गमावला तरी स्पर्धा हातची जाते.

माझ्या वहीत प्रत्येक सत्रासाठी तारीख, गोळ्यांचा लॉट, प्रकाश, वारा आणि साइट पूर्ण खाली नेल्यापासून मोजलेले क्लिक एवढेच लिहिलेले असते. साइट कोणी चुकून फिरवली किंवा प्रवासात सरकली, तर तळापासून मोजून जुन्या जागी आणता येते. स्पर्धेच्या दिवशी तयारी आणि साइटर (गुण न धरले जाणारे सरावाचे शॉट) मिळून १५ मिनिटे मिळतात. पहिले दोन-तीन साइटर मी हिशेबात धरत नाही, कारण स्वच्छ केलेल्या थंड नळीतून गेलेल्या गोळ्या थोड्या भटकतात. त्यानंतरच्या पाचांचा मध्य पाहून लागलाच तर एखादा-दुसरा क्लिक देतो आणि उरलेला वेळ झेंडे पाहण्यात घालवतो.