जुना तमिळ सिनेमा कुठून पाहायला घ्यावा?

बडोदेकरांना तंजावर परकं नाही. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई तिथल्याच, आणि त्यांच्यामुळे भरतनाट्यम करणाऱ्या कलावंतिणी या शहरात आल्या. तमिळ सिनेमा मात्र आपल्याकडे रजनीकांतपाशी सुरू होतो नि तिथेच थांबतो. मूळचा शिवाजीराव गायकवाड, त्यामुळे बडोद्यात त्याचं कौतुक अंमळ जास्तच. पण कृष्णधवल तमिळ सिनेमा फार धीट होता, आणि तो क्रमाने पाहिला तरच कळतो.

'पराशक्ती'पासून (१९५२) सुरुवात करू नका. तमिळ पडद्यावरचा बडा नट शिवाजी गणेशन याचं पदार्पण, पुढे मुख्यमंत्री झालेल्या करुणानिधींचे संवाद, देवळातल्या पुजाऱ्यावर थेट हल्ला. बंदी घाला म्हणून ओरड झाली होती. पण त्याची ताकद अनुप्रासांनी ठासून भरलेल्या तमिळमध्ये आहे. सबटायटलमध्ये अर्थ पोचतो, धार जाते.

आधी एस. बालचंदर यांचा 'अंद नाळ' (१९५४) लावा. गाणं नाही, नाच नाही. त्या काळी हे अक्षरशः दिवाळं काढणारं धाडस. १९४३ साली मद्रासवर जपानी बॉम्ब पडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे गोळीचा आवाज, आणि रेडिओ इंजिनिअर राजन मरून पडलेला. हा राजन म्हणजे शिवाजी गणेशन, सुरुवातीलाच संपलेला! पुढे शेजारी, भाऊ, भावजय, बायको यांच्या जबान्या, आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फ्लॅशबॅक कोणाचा चाललाय हे ध्यानात ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो. शेवट सांगत नाही.

टीव्हीचं सेटिंग आधी तपासा. जुनी फ्रेम साधारण ४:३ ची. १६:९ च्या पडद्यावर 'झूम' केलं की उंचीचा पाव हिस्सा कापला जातो, कपाळं नि हनुवट्या गायब होतात. ताणलं तर चेहरे रुंदावतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत.

मग रुद्रैयांचा 'अवळ अप्पडित्तान' (१९७८). रंगीत सिनेमाच्या काळात मुद्दाम कृष्णधवल. जाहिरात कंपनीतली मंजू श्रीप्रियाने केली आहे. बायकांना कमी लेखणारा तिचा मालक रजनीकांत, स्त्रियांवर माहितीपट काढणारा सज्जन अरुण म्हणजे कमल हासन. शेवटी अरुण दुसरीशीच लग्न करून येतो. गाडीत मंजू त्या नवरीला विचारते, स्त्रीमुक्तीबद्दल तुझं काय मत? मला त्यातलं काही कळत नाही, म्हणते ती. म्हणूनच तू सुखी आहेस, असं मंजूचं उत्तर. मालकाचा उर्मटपणा उघडाच आहे. रुद्रैयांचा खरा रोख समजूतदार अरुणवर आहे, आणि त्याला ते शेवटपर्यंत सोडत नाहीत.