कंबरेचा नववा आठवडा

आज सकाळी मोजे घालताना भिंत धरली नाही. बाकी विशेष काही नाही, पण नऊ आठवड्यात हे पहिल्यांदा जमलंय म्हणून लिहून ठेवतोय, कारण या दोन महिन्यात बायकोने मला मोजे घातलेत, आईने घातलेत, आणि एकदा दोघीही घरात नव्हत्या तर चपला घालून ऑफिसला गेलो. छत्तीस वर्षांचा घोडा. असो.

झालं ते आषाढीच्या दुसऱ्या दिवशी. एकादशी अन् दुप्पट खाशी, दोनदा साबुदाण्याची खिचडी आणि वर रताळ्याचा कीस, त्यामुळे डोक्यात एकच की आज दाबून व्यायाम करायचा. सहाला उठलो, सव्वासहाला जिममध्ये. वॉर्मअप म्हणजे काय तर दोनदा हात फिरवले आणि रिकामा बार चारवेळा उचलला. बार 20 किलोचा, दोन्हीकडे 20 च्या दोन दोन प्लेटा, वर 10 ची एक एक, झाले 120. डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहायचं त्याचे, पाच रेप मारायचे होते. तीन मस्त गेले. चौथ्याला पाठ गोल झाली, आणि खोटं कशाला बोलू, ती गोल झालेली मला तेव्हाच कळली होती. पण एक पोरगा समोर उभा राहून व्हिडिओ काढत होता, आणि कॅमेऱ्यासमोर बार खाली ठेवून "बास" म्हणायला जी अक्कल लागते ती माझ्याकडे त्या दिवशी नव्हती. पाचवा मारला.

गंमत म्हणजे दुखलं काहीच नाही. टाळ्या झाल्या, पाणी प्यायलो, आणि मग प्लेटा जागेवर ठेवताना, ती छोटी 10 किलोची उचलून जरासा वळलो तर कंबरेत कुणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं. गुडघ्यावर आलो आणि तसाच राहिलो, प्रणाम केल्यासारखा. ट्रेनर म्हणाला मसल धरलाय, स्ट्रेच कर, आणि त्याने मला आणखी पुढे वाकवलं. त्या माणसाबद्दल इथे काही लिहीत नाही.

घरी आलो ते रिक्षातून, मागच्या सीटवर आडवा. आईने बघितल्या बघितल्या निदान केलं: उसण भरलीय. तव्यावर फडकं गरम करून शेक सुरू झाला, निर्गुडीचा पाला कुठून तरी आला, आणि संध्याकाळी आत्याने फोनवरून फर्मान काढलं की पायाळू माणूस शोधा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला, आणि त्याने कंबरेवर लाथ मारली की उसण जाते म्हणतात. आमच्याच बिल्डिंगमधला पाचवीतला एक मुलगा पायाळू निघाला. त्याला त्याच्या आईने आणलं, मी पालथा पडलेलो, तो बिचारा लाजून लाजून नुसता पाय टेकवतोय आणि माझी आई सांगतेय, "अरे जोरात मार, काकांना बरं वाटेल." चॉकलेट घेऊन गेला. बरं काही वाटलं नाही, पण त्या आठवड्यात हसलो तेवढं तेव्हाच, आणि हसताना पण कळ आली.

तिसऱ्या दिवशी कळ खाली उतरली. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट करंगळीपर्यंत. शिंक आली की आधी काहीतरी धरायला शोधायचो. खोकला, जोर लावून शौचाला बसणं, सगळ्यात वीज चमकायची. मग मात्र डॉक्टरकडे गेलो. त्यांनी उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला, चाळीसेक अंशावर मी ओरडलो, आणि मग त्यांनी विचारलं लघवीवर कंट्रोल आहे ना, मांड्यांच्या मधे, बसायच्या जागेला बधिरपणा नाही ना. मला वाटलं हे काय भलतंच. नंतर कळलं की असं काही असेल तर थांबायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं, नाहीतर नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. माझं तसं नव्हतं. एमआरआयमध्ये एल फाइव्ह एस वनची, म्हणजे कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं हाड यांच्या मधली गादी डावीकडे बाहेर आलेली.

आता तो रिपोर्ट. त्यात "डिजनरेशन", म्हणजे झीज, असा शब्द होता आणि मी तीन रात्री झोपलो नाही. मी सडत चाललोय असंच वाटायला लागलं. फिजिओ मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सांगितलं की ज्यांना कधी कंबर दुखलीच नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून 2015 साली एक आढावा छापून आलाय, त्यात विशीतल्या लोकांपैकी 30 टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या आणि ऐंशीच्या वयात 84 टक्क्यांच्या. म्हणजे फोटोत दिसतं ते सगळं दुखतंच असं नाही, आणि माझ्यासारखी बाहेर आलेली गादी बहुतेकांची काही आठवड्यांत, महिन्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते. हे ऐकून माझं अर्धं दुखणं तिथेच उतरलं. उरलेल्या अर्ध्यासाठी नऊ आठवडे.

आणि हे सकाळीच का झालं, ते कोडंही त्यांनीच सोडवलं. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते, आणि अशा टम्म गादीवर वाकलं की ताण जास्त येतो. उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही, एवढीच साधी गोष्ट. आणि मी उठून पंधरा मिनिटांत जिममध्ये, तासाभरात 120 किलो घेऊन वाकलेलो.

पहिला व्यायाम दिला तो पालथं पडून हातांवर छाती वर उचलायची, कंबर सैल सोडून. हे मॅकेन्झी नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओचं. 1956 साली एक पायदुखीचा पेशंट चुकून, डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा जाऊन पडला, सगळे घाबरले, आणि तो उठला तर पाय दुखायचा कमी झालेला. मी घरी हे कौतुकाने सांगितलं तर आई म्हणाली, "हे भुजंगासन आहे. याचे पाचशे रुपये घेतात?" काय बोलणार. पण पाच दिवसांत करंगळीतली कळ पोटरीपर्यंत मागे आली, मग मांडीपर्यंत, आणि कंबरेत मात्र वाढली. मी घाबरलो, मॅडम खूश. कळ पायातून कंबरेकडे सरकणं हे चांगलं लक्षण म्हणे.

मग स्टुअर्ट मॅकगिल या कॅनडाच्या प्राध्यापकांचे तीन व्यायाम. उताणं पडून डोकं आणि खांदे जेमतेम उचलायचे, कुशीवर कोपर टेकून फळीसारखं राहायचं, आणि गुडघ्या-हातावर येऊन विरुद्ध हातपाय लांब करायचे. तिसऱ्याचं इंग्रजी नाव पक्षी आणि कुत्र्यावरून आहे आणि तो करताना आपण दोन्ही दिसतो. दहा दहा सेकंद. 120 किलो उचलणारा माणूस दहा सेकंदांत थरथर कापत होता आणि आई सोफ्यावर बसून शेंगा सोलत होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वाकायला शिकण्यात. पोछाची काठी पाठीला उभी लावायची, डोक्याची मागची बाजू, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड अशा तीन जागी ती टेकलेली राहिली पाहिजे, आणि मग कंबरेतून नाही तर खुब्यातून वाकायचं, बूड मागे ढकलून, जसं हात भरलेले असताना आपण बुडाने दार लोटतो. पहिले चार दिवस काठी दर वेळी माकडहाडावरून सुटायची. म्हणजे आठ वर्षं जिम करून मला वाकताच येत नव्हतं.

गणपतीत आरतीला उभा राहिलो, बसता आलं नाही. मूर्ती एक फुटाची, शाडूची, ती मेव्हण्याने आणली. मला म्हणे तू फक्त मोरया म्हण. गौरी बसवताना बायकोने कोठीतला डबा मागितला, मी हात पुढे केला आणि मागे घेतला. दुखत नव्हतं तेव्हा, खरं सांगतो. हात आपोआप मागे गेला. हल्ली जास्त तेच होतंय. मॅडम म्हणतात कंबर तयार आहे, तुम्ही नाही. म्हणून परवापासून 16 किलोची केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, सुरू केलीय. पाचवेळा उचलायची, ठेवायची, आणि व्हिडिओ काढणाऱ्या पोराकडे पाठ करून उभं राहायचं. त्याने आज विचारलं, सर, 140 कधी? मी म्हटलं, बघू. खरंच बघू, मला माहीत नाही.

दुपारी सिलिंडर आला. आमची लिफ्ट चार दिवस बंद आहे. 14.2 किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास, ते खांद्यावर घेऊन तो माणूस तिसऱ्या मजल्यावर आला, दारात टेकवला, आणि रिकामा उचलायला वाकला. सगळं चुकीचं. पाठ गोल, गुडघे सरळ, वर वळून उचलला. माझ्या तोंडातून निघालंच, "दादा, कंबर दुखत नाही का हो?"

"दुखते की. रोज दुखते. जरा पाणी द्या."

पाणी दिलं. दोन ग्लास प्यायला आणि रिकामा घेऊन खाली गेला, पुढचा सिलिंडर समोरच्या विंगमध्ये होता, तिथली लिफ्ट पण बंदच. मी भरलेला सिलिंडर जरासा तिरका केला, बूड मागे, काठी आहे असं समजून, आणि कडेवर फिरवत फिरवत ओट्यापर्यंत नेला. आई मागून हात लावायला आली होती. तिला नको म्हटलं, तर तिने तरी लावलाच.