डोळे चांगलेत, पण उघडत नाहीत

समोरच्याला वाटतं मला झोप आलीये, किंवा मी रडू आवरतेय, एकदोघांना तर वाटलं डोळा मारतेय! यातलं काहीच नसतं. ब्लेफरोस्पाझम म्हणतात याला, म्हणजे डोळे मिटणारा स्नायू आपण न सांगताच आवळतो आणि मग कितीही जोर लावा, पापणी वर जात नाही. नजर ठणठणीत असते, पण शटर पडल्यावर नजरेचं करायचं काय.

झोप कमी झाली की एका डोळ्याची पापणी फुरफुरते ना, ते वेगळं, ते बहुतेकांना कधीतरी होतं आणि आपोआप जातं. हे दोन्ही डोळ्यांना होतं. सुरुवातीला नुसतं जास्त मिचकावणं, कोरडेपणा, उजेड टोचणं असतं, त्यामुळे मलाही आधी ड्रॉप्सच मिळाले आणि वर 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला, ज्याने टेन्शन हमखास वाढतं.

गाडी चालवणं मी बंद केलं, त्यात वाद नाही. बाकी जुगाड आहेत. भुवईच्या कडेला बोट टेकवलं की डोळा जरा वेळ उघडा राहतो, गुणगुणलं, च्युइंगम चघळलं, बोलत राहिलं तरी काहींना फरक पडतो, म्हणून रस्ता ओलांडताना मी स्वतःशीच पुटपुटत चालते, लोक बघतात, बघू देत. उजेडासाठी एफएल-४१ नावाच्या गुलाबीसर टिंटचा चष्मा मिळतो, ट्यूबलाइटखाली बसायचं असेल तर मला तो लागतोच. आणि हो, डॉक्टरांसमोर पापण्या नेमक्या शहाण्यासारख्या वागतात, तेव्हा त्रास होत असताना घरच्या कुणाकडून व्हिडिओ काढून घ्या.

खरा आराम बोटॉक्सने, म्हणजे आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनने. नाव ऐकून लोक हसतात, पण अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि याच आजारासाठी, सुरकुत्यांचा नंबर २००२ ला लागला. इंजेक्शनचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि साधारण ३ महिने टिकतो, कधी पापणी थोडी लोंबते, डोळे कोरडे पडतात, पण ते मला चालतं. शेवटचे आठवडे मात्र वैताग असतो, तेव्हा घरात कुणी कार्यक्रमाची तारीख काढली की मी आधी माझी इंजेक्शनची तारीख बघते आणि मगच येते की नाही ते सांगते.