रजिस्टरातलं अठरा

गेल्या महिन्यातली केस आहे. डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते.

मी विवाह नोंदणीच्या टेबलावर बसते, बारा वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही लग्न लावतो. माझ्याकडे लग्न लागून गेल्यावर यायचं असतं. हल्ली वेबसिरीज बघून "मॅडम मॅरेज लायसन्स कुठे मिळेल" विचारणारे वाढलेत, त्यांना सांगावं लागतं की आपल्याकडे परवाना बिरवाना नसतो, कोर्ट मॅरेज करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, तिथे आधी नोटीस द्या, ३० दिवस थांबा, नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर परत पहिल्यापासून, आणि ते टेबल माझं नाही. माझं टेबल १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचं. नमुना ड, फोटो, पत्रिका, तीन साक्षीदार आणि भटजींची सही. बाकी सगळं जमतं लोकांना, भटजी सापडत नाहीत. लग्नात दक्षिणेसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस सहीला म्हटलं की मोबाईल बंद करून बसतो.

असो. तर त्या दिवशी एक आजी आल्या, सोबत नातू. आजोबा वारले, सरकारी खात्यातून रिटायर झालेले, आणि फॅमिली पेन्शन अडकली कारण सर्व्हिस बुकात बायकोचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा. पूर्वी लग्नात तांदळात नाव लिहून बदलायचे ना, ते. पन्नास वर्षांनी त्याचा त्रास बायकांना होतो, पुरुषांना कधीच नाही. पेन्शनवाल्यांनी सांगितलं लग्नाचा दाखला आणा.

शेजारच्या टेबलावरच्या आमच्या भाऊसाहेबांनी लगेच सल्ला दिला, नवीन नोंदणी करून टाका, उशिराची फी भरा. हे भाऊसाहेब फाईल न उघडता सल्ला देण्यात एक नंबर. अहो नवरा हयात नाही, फॉर्मवर सही कोण करणार? आणि आमच्या ऑनलाइन फॉर्मात बायकोची जन्मतारीख १ जून १९५६ टाकली आणि लग्न मे १९७३ टाकलं की लाल अक्षरात वय कमी म्हणून अडतो. १९७८ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात मुलीचं किमान वय १५ होतं आणि मुलाचं १८, हे त्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोराला कोणी सांगितलंच नसणार. मी दोनदा लेखी कळवलंय. उत्तर नाही.

मग आजी म्हणाल्या, "बाई, ह्यांना नोकरी लागली तेव्हा कुठंतरी मी सही केलेली. कचेरीत. मोठ्या वहीत."

म्हणजे जुनी नोंद असू शकते! आमच्या तालुक्यात १९५३ चा जुना नोंदणी कायदा लागू होता, त्या काळची रजिस्टरं वर माळ्यावर लोखंडी कपाटात आहेत. रुमालात बांधलेली, काहींना वाळवी लागलेली. खरं सांगते, मला हे काम आवडतं. ऑफिसात कुणाला आवडत नाही म्हणून असेल कदाचित.

जुन्या रजिस्टरात शोधायचं कसं हे बाहेरच्याला कळणार नाही. नातवाला वाटलं मे ७३ चं पान उघडलं की झालं. पण नोंद लग्नाच्या तारखेने नसते, कागद दाखल झाला त्या तारखेने असते. लग्न मे मधलं आणि नोंद चार वर्षांनी असंही होतं. मागे अकारविल्हे यादी असते ती नवऱ्याच्या आडनावाने, बायकोच्या नावाने यादीच नाही. आणि आडनाव तरी कुठलं, गावात पाटीलकी म्हणून आयुष्यभर पाटील लावलं पण नोकरीच्या कागदावर मूळ आडनाव. हे मी आजींना तीन वेळा विचारलं तेव्हा चौथ्यांदा त्यांनी सांगितलं. नवऱ्याचं आडनाव तोंडात यायला वेळ लागला त्यांना, नाव तर घेतलंच नाही, नातवाकडे बघितलं.

सापडली. १९७४ च्या रजिस्टरात, जानेवारीत. निळी शाई विटून तपकिरी झालेली. आजींना वर चढता येईना म्हणून रजिस्टर खाली आणलं (नियमात बसत नाही, पण साहेब मीटिंगला होते). त्यांनी सहीवर बोट ठेवलं. माहेरच्या नावाची सही, एकेक अक्षर सुटं. म्हणाल्या, "हे नाव मी त्याच्यानंतर कुठं लिवलंच नाही."

आणि तिथे मला वयाचा रकाना दिसला. वधू, १८.

शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे लग्नाच्या दिवशी त्या सोळाच्या होत्या, सतरा पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे बाकी. आता लोक म्हणतील त्या काळी सगळेच वय वाढवायचे. पण का वाढवायचे? किमान वय तर १५ च होतं. सोळा लिहिलं असतं तरी लग्न कायदेशीरच होतं. पण त्या वेळी एक आणखी कलम होतं जे ७८ मध्ये गेलं, आणि ते आता आमच्या ऑफिसात माझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल. मुलगी १८ पूर्ण नसेल तर लग्नाला पालकाची संमती लागायची. पालक म्हणजे आधी बाप, तो नसेल तर आई, मामाचा नंबर यादीत पार खाली.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आजी लग्न कोणी लावलं तुमचं? "मामानं. बाप आधीच गेलेला. दुष्काळ होता ना बाई तो, बहात्तरचा, पुढं उन्हाळाभर चालला. आई खडी फोडायला गेलेली दुष्काळी कामावर, लांब. तिला निरोपच गेला नाही. मला सासरी नांदवून महिना झाला तवा कळलं तिला." अगदी साध्या आवाजात सांगितलं. नातू मोबाईलमध्ये.

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. मामाने अठरा सांगितलं म्हणजे आईला विचारायचा प्रश्नच नको. मी तोंड उघडलं होतं सांगायला. नाही सांगितलं. काय सांगणार, की तुमच्या आईची सही लागायची होती आणि कुणीतरी ती टाळली? संमती नव्हती म्हणून लग्न रद्द होत नसतं, आणि एक्कावन्न-बावन्न वर्षांचा संसार झाल्यावर त्या बाईला हे देऊन मी काय मिळवणार होते.

मग प्रश्न नकलेचा. साहेब आल्यावर म्हणाले वयाचं काय ते बघून घ्या, म्हणजे त्यांच्या भाषेत मला विचारू नका. भाऊसाहेब म्हणाले वयाचा रकाना सोडून टाईप करा, पेन्शनवाले कुठे बघतात. मी नक्कल दिली अस्सलबरहुकूम, १८ सकट. नक्कल म्हणजे नक्कल. रजिस्टरात चूक असेल तर चुकीसकट द्यायची, आपण तिथे शहाणपणा करायचा नाही, हे मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

व्हायचं तेच झालं. तीन आठवड्यांनी नातू परत, हातात त्रुटीपत्र, "वयात तफावत आढळते". त्याला प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच लिहून दिला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच वगैरे. तो चिडलेला होता, म्हणाला तेव्हाच सोळा लिहून दिलं असतं तर. मी म्हटलं मला सोळा होत्या हे तरी कुठे माहीत आहे रे? आणि हे मी त्याला गप्प करायला बोलले पण बोलल्यावर मलाच लागलं. जन्मतारीख १ जून. आपल्याकडे एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेत, कारण शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख टाकली. म्हणजे ५६ पण गुरुजींचा अंदाज. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पुरला की घाला पहिलीत. आजी खरंच अठराच्या असतील तर? मग मी त्या मामाला उगाच आरोपी केलंय, तेही मनातल्या मनात.

संध्याकाळी रजिस्टर परत वर ठेवायला गेले. जाता जाता ते पान पुन्हा उघडलं, या वेळी आजींची ओळ सोडून बाकीच्या ओळी बघितल्या, ज्या पहिल्या दिवशी मी सापडल्याच्या आनंदात बघितल्याच नव्हत्या. पानावर आठ नोंदी. सहा नवऱ्यामुलींचं वय १८. पुढचं पान, १८, १८, १९, १८. अक्षर सगळीकडे एकच, गोल, वळणदार, शेवटच्या आठला जरा जास्त फाटा देणारं. म्हणजे कदाचित मामा काही बोललाच नसेल. कदाचित टेबलावरच्या माणसाने वर न बघता विचारलं असेल, अठरा ना?

ते टेबल आता माझं आहे. मी १९७५ पर्यंत चाळलं, मग शिपाई लाईट बंद करायला आला.